पाझर तलावाला धनी हवा

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या उतारावर आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांमधल्या घळीत १९७३ साली बांधलेला पाझर तलाव आहे. मातीचा भराव, उंची नऊ मीटरच्या आसपास, लांबी तीनशे मीटर, आणि काठोकाठ भरला की दीड लाख घनमीटर पाणी. सरकारी कागदावर हा आकडा किरकोळ ठरतो. पण दीड लाख घनमीटर म्हणजे दीड लाख टन वजन. हे वजन आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, घरांच्या आढ्यांपेक्षा उंच उभं असतं. मी या गावची सरपंच होते. आमची विहीर आणि चार एकर रान याच तलावाखाली आहे. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं ते या तलावामुळे आणि सप्टेंबरच्या रात्री झोप लागत नाही तीही याच तलावामुळे. म्हणून आज लिहिते आहे. मातीचं धरण वय झालं म्हणून फुटत नाही, त्याच्याकडे बघणारं कोणी उरत नाही म्हणून फुटतं. राज्यातल्या हजारो लहान तलावांवर आज ही वेळ आली आहे.

हे तलाव आले कुठून, ते आधी सांगते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माणसांना काम आणि जमिनीला पाणी, दोन्ही एकाच वेळी द्यायचं होतं. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामं होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मराठवाड्यातल्या, नगर-सोलापूरकडच्या कितीतरी गावांचे तलाव या कामांतून उभे राहिले.

आमच्या सासूबाई त्या कामावर होत्या. तान्हं मूल बाभळीखाली झोळीत, डोक्यावर मातीची पाटी आणि दुपारी सुकडी. त्या सांगायच्या की भरावाच्या मधोमध काळी माती पडायची आणि दोन्ही अंगांना मुरूम. वीतभर थर पसरला की पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकायचं, वरून बैलांचा रूळ फिरवायचा. ढेकूळ दिसलं तर मुकादम अख्खा थर उकरायला लावायचा. सगळीकडे इतकी शिस्त होती, असं मी म्हणणार नाही. माणसं हजारोंनी होती, देखरेख करणारे थोडे होते आणि घाई पोटाची होती. काही भराव चांगले दाबले गेले, काही पोकळ राहिले. कुठला कसा आहे हे आज वरून बघून सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाची नियमित तपासणी हाच एक मार्ग उरतो.

या तलावाचं काम कालव्याच्या धरणापेक्षा वेगळं आहे. त्याला दरवाजे नसतात, पाटही नसतो. पावसाचं पाणी घळीत अडवायचं, ते मुरमातून आणि काळ्या खडकाच्या भेगांतून हळूहळू जिरू द्यायचं आणि खालच्या विहिरींची पातळी वर आणायची, एवढंच त्याचं काम. म्हणून बहुतेक पाझर तलावांना पाणी सोडायची मोरीच ठेवलेली नसते. जास्तीचं पाणी एका बाजूच्या सांडव्यावरून आपोआप निघून जावं, अशी रचना असते. मूळ हेतूसाठी ती बरोबरच होती. पण भरावाला काही झालं आणि पाणी घाईने कमी करायची वेळ आली, तर हातात काहीच नसतं. आमच्याकडे तशी वेळ आली तर डिझेल इंजिनं आणि रबरी पाइप हाच उपाय आहे. दीड लाख घनमीटरापुढे तो किती पुरणार?

आता मातीचं धरण फुटतं कसं, ते बघू. मुख्य वाटा दोन आहेत. पहिली वाट माथ्यावरून जाते. दगडी धरणावरून थोडा वेळ पाणी गेलं तरी ते तग धरू शकतं, मातीच्या धरणाला मात्र ते मुळीच सोसत नाही. पाणी माथ्यावरून उतरलं की खालच्या उतारावर घळी पाडतं, घळी मागे सरकत माथ्यापर्यंत येतात आणि काही तासांत भराव दुभंगतो. गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू नदीवर असलेल्या दुसऱ्या धरणाचं ११ ऑगस्ट १९७९ ला हेच झालं. मधला सांडवा दगडी होता, दोन्ही बाजूंचे भराव मातीचे होते. पूर अंदाजापेक्षा कितीतरी मोठा आला, पाणी माथ्यावरून गेलं आणि मातीचे बाहू वाहून गेले. खालचं मोरबी शहर बुडालं.

दुसरी वाट पोटातून जाते. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच आणि त्यात भिण्यासारखं काही नसतं. पण झिरपणाऱ्या पाण्याला आत एखादी पोकळ वाट सापडली, बिळाची, कुजलेल्या मुळाची किंवा सुकून पडलेल्या भेगेची, तर ते मातीचे बारीक कण सोबत घेऊन निघतं. कण गेले की वाट रुंद होते, वाट रुंद झाली की पाणी वाढतं. खालच्या पायथ्यापासून सुरू झालेलं हे पोखरणं मागे मागे सरकत पाण्यापर्यंत पोचलं की मग कोणाच्या हातात काही राहत नाही. पुण्याला १२ जुलै १९६१ ला पानशेतने जो धडा दिला, तोही मातीच्याच धरणाचा होता. काम पुरं झालेलं नसताना पाणी अडवलं गेलं होतं.

आमच्या गावातले एक म्हातारे मुकादम माझ्याशी याच भाषेत बोलायचे. सरपंच झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी त्यांना तलावावर घेऊन गेले होते. खालच्या अंगाच्या दगडी पायथ्यातून पाण्याची बारीक धार येत होती. मी विचारलं, "काका, हे बरं का?" त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, उन्हाकडे धरलं आणि म्हणाले, "वैनी, पाणी नितळ हाय तवर भ्यायचं न्हाई. गढूळ आलं का मग थांबायचं न्हाई." पुढे अभियंत्यांकडून मी जे काही शिकले, त्यात याहून मोलाचं वाक्य मला मिळालेलं नाही. झिरपणाऱ्या पाण्याचा रंग बघायला पदवी लागत नाही. पण तो बघायला कोणीतरी तिथे जावं लागतं.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदेवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. धरण मातीचं होतं आणि लघु पाटबंधाऱ्याचं होतं. वय म्हणाल तर आमच्या तलावाच्या निम्मंसुद्धा नव्हतं. धरणाला गळती आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यावर खेकड्यांनी धरण पोखरलं, असं बोललं गेलं आणि त्यावर पुष्कळ हशा व संताप झाला. मला त्यात वेगळंच दिसतं. खेकडे, घुशी, उंदीर, साळिंदर मातीच्या भरावात बिळं करतात, हे खरं आहे. प्रत्येक गावकऱ्याला ते ठाऊक असतं. पण बीळ एका रात्रीत भरावाच्या आरपार जात नाही. आठवड्यातून एकदा कोणी भरावावरून चालत गेलं तर ताजी उकरलेली माती दिसते आणि बीळ त्याच दिवशी खणून, ओली माती ठोकून बुजवता येतं. खेकड्याचं नाव पुढे आलं की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की तिथे फिरणारा माणूस कोण होता आणि तो शेवटचा कधी फिरला?

सरपंच असताना या प्रश्नाचं उत्तर मी आमच्या तलावापुरतं शोधायला निघाले. राज्यात लहान तलावांपैकी काही जिल्हा परिषदेकडे असतात, काही मृद व जलसंधारण विभागाकडे, काही आणखी कोणाकडे. एका कार्यालयात सांगितलं, हा तलाव आमच्या यादीत नाही. दुसऱ्या कार्यालयात यादीत नाव निघालं, पण त्यापुढे हस्तांतरित असा शेरा होता. कोणाला हस्तांतरित, ते लिहिलेलं नव्हतं. भरावाखालच्या जमिनीच्या सातबारावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव आहे, तो शेतकरी वारून कित्येक वर्षं झाली. तलावाचा नकाशा, सांडव्याची रुंदी, भरावाची मूळ उंची यांचा एकही कागद मला मिळाला नाही. मासेमारीचा लिलाव मात्र वेळेवर व्हायचा. तलावातून पैसा येतो तेव्हा धनी सापडतो आणि भरावावरची वेडी बाभूळ काढायची म्हटलं की तो हरवतो. एका गावाची ही कथा असती तर मी लिहिलं नसतं. आजूबाजूच्या सरपंचांशी बोलले, तेव्हा गावाचं नाव तेवढं बदलत होतं.

यावर कायदा नाही का? आहे. संसदेने धरण सुरक्षा अधिनियम २०२१ मंजूर केला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून तो लागू झाला. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, धोक्यानुसार वर्गवारी, आपत्कालीन आराखडा आणि जबाबदारी निश्चित करणं, हे सगळं त्यात आहे. पण तो कोणत्या धरणांना लागू? १५ मीटरपेक्षा उंच असलेल्यांना. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो तो ठरावीक अटी असतील तरच. माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, अशा त्या अटी आहेत. दहा मीटरच्या खालचा तलाव या कायद्याच्या नजरेत धरणच नाही. मोठ्या धरणांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे, ती दोन हजारांहून जास्त आहेत. त्यांच्यासाठी नाशिकची धरण सुरक्षितता संघटना आहे, राष्ट्रीय प्राधिकरण आहे. आमच्या नऊ मीटरवाल्या तलावासाठी कोण आहे?

उंचीवरून धोका मोजण्याची ही पद्धतच मला अपुरी वाटते. धोका ठरतो तो भरावाच्या खाली काय आहे यावरून. १९७३ मध्ये आमच्या तलावाखाली माळरान होतं, चार विहिरी होत्या, माणूस वस्तीला नव्हता. त्या दिवशी तो फुटला असता तर पिकं गेली असती, माती गेली असती. आज त्याच ओढ्याच्या काठावर पंचवीसेक घरांची वस्ती आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे, कुक्कुटपालनाच्या दोन शेड आहेत आणि पलीकडे रस्त्याचा पूल आहे. तलाव तेवढाच राहिला, खालचा संसार वाढला. निर्जन खोऱ्यातल्या बारा मीटरच्या धरणापेक्षा शाळेच्या वर असलेला सात मीटरचा तलाव जास्त जोखमीचा असतो. राज्याने आपल्या पातळीवर लहान तलावांसाठी नियम करावेत आणि त्यांत पहिला निकष खालच्या माणसांचा ठेवावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. मराठवाड्यात जून-जुलै कोरडे जातात आणि महिन्याभराचा पाऊस सप्टेंबरात दोन रात्रींत कोसळतो. २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची उभी शेतं खरवडून गेली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या पावसाच्या हिशेबाने सांडव्याची रुंदी ठरली, तो हिशेब आज पुरतो का, हे तपासायला हवं. दुष्काळानंतरचा पहिला मोठा पाऊस तर दुप्पट जोखमीचा. तलाव दोन-दोन वर्षं कोरडा पडला की भरावातली काळी माती सुकून भेगाळते. आमच्या रानात उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, तीच माती भरावाच्या गाभ्यात आहे. मग एका रात्रीत तलाव भरतो आणि भेगा मिटायच्या आत पाणी त्यांत शिरतं. पाणी आल्याच्या आनंदात गाव सांडव्यावर नारळ फोडायला जातं. त्याच दिवशी खालच्या पायथ्यालाही फेरी मारली पाहिजे.

आता आम्हा गावकऱ्यांकडे वळते. सरकारला बोलून आम्ही सुटत नाही. पाणी अजून वीतभर वाढावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणारे आमचेच लोक असतात. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळी आणि बांबूचे ताटवे ठोकणारा ठेकेदार गावातलाच असतो. पुरात त्या जाळीला पाचट, झुडपं, प्लॅस्टिक अडकतं आणि सांडवा बंद होतो. सांडव्याच्या पुढची चारी नांगरून त्यात ज्वारी पेरणारा शेजारी आम्हाला माहीत असतो आणि भांडण नको म्हणून आम्ही गप्प बसतो. भरावाचा माथा ट्रॅक्टरचा रस्ता होतो. चाकोऱ्या पडून मधेच फूटभर खोलगट भाग तयार होतो आणि पूर आला की पाणी नेमकं त्याच जागेवरून उतरतं. घराच्या जोत्यासाठी मुरूम हवा म्हणून खालच्या उताराला खोरं लावलं जातं. ही सगळी कामं दिवसाढवळ्या, गावाच्या देखत होतात.

गाळ काढण्याच्या कामाबद्दलही बोललं पाहिजे. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतून गावोगाव तलावांतला गाळ निघाला. योजना उत्तम आहे. गाळाने तळ लिंपला गेला की पाणी जिरायचं थांबतं, नुसतं उन्हात उडून जातं. आमच्याकडे उघड्या तलावावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाण्याची वाफ होते. म्हणून गाळ निघायलाच हवा. पण पोकलेन गाळ काढून थांबत नाही, तो खालच्या मुरमापर्यंत जातो, कारण मुरमाला बाजारात भाव असतो. भरावाच्या पाण्याकडच्या पायथ्याला खड्डा पडला, तर उताराचा आधार निघतो आणि पाण्याला भरावाखालून जायची जवळची वाट मिळते. गाळ काढायचा तो मूळ तळापर्यंतच आणि भरावापासून अभियंत्याने आखून दिलेलं अंतर सोडून. चुन्याची ती रेघ ग्रामसेवकासमोर मारली गेल्याशिवाय मशीन तलावात उतरू देऊ नये.

भरावावर झाडं लावण्याचा उत्साहही आवरायला हवा. वृक्षारोपणाची मोहीम आली की मोकळी सरकारी जागा म्हणून तलावाचा भराव सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. झाडाची मुळं भरावात खोल जातात, झाड वाळलं की ती कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. भरावावर हवं ते गवत. हरळी, पवन्या, मारवेल माती धरून ठेवतात आणि बीळ असलं तर दिसू देतात. झुडपं लहान असतानाच मुळासकट काढावीत. मोठी झालेली झाडं मात्र तलाव कोरडा असताना, अभियंत्याला विचारून काढावीत. बुंधा उपटून खड्डा तसाच ठेवणं, झाड ठेवण्याहून वाईट.

सुरक्षेइतकाच महत्त्वाचा प्रश्न हेतूचा आहे, आणि तो कोणीच विचारत नाही. तलाव बांधला विहिरींसाठी. आज त्यातून दहा-बारा मोटारी थेट पाणी उपसून प्लॅस्टिक घातलेल्या शेततळ्यांत नेतात. ज्याला मोटार आणि शेततळं परवडतं त्याचं पाणी पक्कं होतं आणि खालच्या अल्पभूधारकाची विहीर दिवाळीनंतर तळ दाखवते. पाझर तलावाचं पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगाळलेल्या खडकात फिरतं, म्हणून ते विहिरींना मिळतं. पाचशे फुटांच्या बोअरला त्याचा फारसा आधार नसतो. मासेमारीवाल्याला वाटतं पाणी टिकावं, विहीरवाल्याला वाटतं जिरावं, मोटारवाल्याला वाटतं आपल्याकडे यावं. हे तीन हेतू एका तलावात आपोआप नांदत नाहीत. गावाने बसून ठरवावं लागतं. हेतू ठरला की निगा कशी करायची तेही ठरतं, कारण ज्याला उपयोग आहे त्याच्याकडून काम आणि वर्गणी मागता येते. हेतूच संपला असेल, तर त्या तलावाकडे कोणी फिरकणार नाही आणि एका पावसाळी रात्री तो आपली आठवण करून देईल.

म्हणून मी एक न पटणारी गोष्टही म्हणते. प्रत्येक जुना तलाव राखलाच पाहिजे, असं नाही. ज्याच्या भरावाची दुरुस्ती होण्यासारखी नाही, ज्याच्या पाण्याचा आज कोणाला उपयोग नाही आणि ज्याच्या खाली माणसं राहतात, तो तलाव अभियंत्याच्या देखरेखीखाली, कोरड्या दिवसांत रीतसर मोकळा करावा. मधल्या अवस्थेतल्या तलावांचा सांडवा अर्धा मीटर खाली घ्यावा, म्हणजे साठा कमी होतो, पण माथा आणि पुराचं पाणी यांच्यातलं अंतर वाढतं. मराठवाड्यात पाणी सोडून द्या म्हणणाऱ्या बाईवर लोक चिडतील, मला कल्पना आहे. हंडाभर पाण्यासाठी मीही मैलभर चालले आहे. पण जे पाणी राखायला आपण वर्षातून एकदाही वर जात नाही, ते अडवून ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

जुनं ते टिकतं, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. सोलापूरजवळचा एकरूख तलाव एकोणिसाव्या शतकातला, मातीच्याच भरावाचा, आणि अजून उभा आहे. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. हजारो आहेत आणि त्यांतले कित्येक शेकडो वर्षांचे. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी ते बांधले. पाळीवर माती चढवणं, पाणी सोडायचं तुडूम राखणं, सांडवा मोकळा ठेवणं, ही कामं तिथे गावाच्या वहिवाटीत होती. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झालं. पण तिच्याबरोबर तलावाची वहिवाटही गेली आणि तिच्या जागी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. नंतर कित्येक मामा तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. शेकडो वर्षं टिकलेली माती काही दशकांत का ढासळली, याचं उत्तर मातीत सापडणार नाही. आमच्या धाब्याच्या घरांवर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून ठोकावी लागायची. ज्या वर्षी ती टाकली नाही, त्या वर्षी घर गळायचं. मातीच्या धरणाचा नियमही तोच आहे.

पैसा नाही, ही सबब मी पुष्कळ ऐकली आहे. वर्षाच्या निगेला लागतं काय? झुडपं काढणं, बिळं बुजवणं, माथ्यावरचा खोलगट भाग भरून घेणं, ढासळलेलं दगडी अस्तर परत बसवणं, सांडवा आणि त्यापुढची चारी साफ करणं. उन्हाळ्यात पाच-पंचवीस मजुरांना काही दिवस पुरेल एवढं हे काम आहे. ज्या हमीच्या कामातून हे तलाव उभे राहिले, त्याच हमीच्या कामात त्यांची वार्षिक निगा पक्की बसली पाहिजे, दरवर्षी आपोआप, वेगळा प्रस्ताव न मागता. चार-पाच तलावांमागे गावातलाच एक तलावराखा मानधनावर नेमावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि अतिवृष्टीत रोज त्याने फेरी मारावी, झिरपणाऱ्या पाण्याचा रंग वहीत लिहावा आणि कोणाला फोन करायचा ते त्याला माहीत असावं. फुटलेल्या तलावाखाली शासन जी मदत वाटतं, तिच्या हिशेबात हा खर्च नगण्य आहे.

शासनाकडे माझं मागणं मोजकं आहे. दहा मीटरखालच्या प्रत्येक तलावाची एकच नोंदवही करा आणि प्रत्येकासमोर एकाच कार्यालयाचं नाव लिहा. हस्तांतरित हा शेरा बंद करा. तलावावर फलक लावा. त्यावर बांधल्याचं वर्ष, उंची, साठा, जबाबदार कार्यालय, फोन आणि शेवटच्या तपासणीची तारीख असू द्या. ज्यांच्या खाली वस्ती, शाळा किंवा पूल आहे, त्यांची यादी आधी करा आणि तिथे मोठ्या धरणासारखी वर्षातून दोनदा तपासणी सुरू करा. त्या वस्त्यांना कोणत्या उंचवट्यावर जायचं आणि इशारा कोण देणार, हे कोरड्या दिवसांत समजावून सांगा.

आणि तुम्हाला, जे माझ्यासारखे एखाद्या तलावाखाली राहतात, त्यांना एक सांगणं आहे. मे महिन्यात चार जण मिळून भरावावर जा. माथ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि कुठे खोलगट आहे ते बघा. सांडव्यात उभं राहून पुढची चारी नजरेखालून घाला. पावसाळ्यात तलाव भरला की खालच्या पायथ्याला जा. नवी ओल, नवं झिरपणं, उतारावर घसरलेली माती दिसली तर फोटो काढा, तारीख लिहा, लेखी कळवा आणि पोच घ्या. पाणी गढूळ येऊ लागलं तर त्या जागी चिखल थापून ते कोंडू नका, आधी खालची माणसं हलवा आणि तालुक्याला कळवा. त्या जागेवर वाळू, खडी आणि दगड यांचे थर टाकायचे असतात, म्हणजे पाणी निघतं आणि माती मागे राहते, पण ते जाणकाराच्या देखरेखीखाली. येत्या ग्रामसभेत तलावाचा विषय मांडा, त्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे नावानिशी विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभा संपू देऊ नका.